तुमच्यासाठी म्हणून इटली

राजापेठ, अमरावती
३ फेब्रुवारी २०२५

वहिनी, नमस्कार.

हे पत्र नत्थुजीच्या हाती देते आहे. तुमची फुलांची गाडी इथल्या मार्केटात रिकामी झाली की तो चहाला राजापेठेत थांबतो, तिथे त्याला गाठलं. फोन मुद्दाम करत नाही. तुमच्याशी फोनवर बोलणं म्हणजे ग्रामसभेत बोलणं आहे. तुम्ही 'हॅलो' म्हणता, लगेच कोणीतरी स्पीकर लावतं, मग मनोज बोलतो, त्याची बायको बोलते, दादा आतल्या खोलीतून ओरडतो, आणि तुमचा आवाज जो जातो तो जातोच. व्हॉट्सअ‍ॅपचं तर नाव नको. परवा फक्त तुम्हाला म्हणून रोमच्या गाडीची वेळ पाठवली, तर उत्तर मनोजचं: 'आत्या, एवढ्या उन्हात कायले?' वहिनी, तुमचा फोन तुमच्याजवळ असतो तरी केव्हा?

म्हणून आता कागदावर विचारते. दिवाळीत तुमच्या गच्चीवर आपलं काय ठरलं होतं? मेमध्ये तुमच्या वर्षालीच्या लेकीचा पहिला वाढदिवस, तिच्या घरी इटलीत. त्यासाठी दादा, तुम्ही आणि मी बोलोन्याला जायचं, जावयांचे आईवडीलही येणार. वाढदिवस झाला की दादा व्याह्यांबरोबर परत यायचा. आणि आपण दोघी तिथून रेल्वेने निघायचं. व्हेनिस, फ्लोरेन्स, रोम, आणि शेवटी सिसिली. बोलोन्यापासून इटलीच्या बुटाच्या टोकापर्यंत, आणि टोकावरून पलीकडे. तुम्ही हो म्हणालात. मान हलवून नाही, तोंडाने हो म्हणालात, माझ्या लक्षात आहे.

त्याला तीन महिने झाले. मी नकाशा काढला, गाड्या शोधल्या, वर्षालीशी बोलले. तुम्हाला दर वेळी एकच साधा प्रश्न विचारते की काय पाहायचं आणि कुठे किती थांबायचं. आणि दर वेळी उत्तर येतं, 'तुमाले जसं वाटंन तसं.' वहिनी, मी पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. गप्प बसणाऱ्या मुलींकडून उत्तर काढण्यात माझी हयात गेली. पण तुमच्यापुढे हात टेकले.

मला तुमचं मत हवं आहे. एक तरी. लिहून.

तुमची,
दामिनी


डाबकी रोड, अकोला
९ फेब्रुवारी

दामिनीताईले वच्छलाचा नमस्कार.

तुमचं पत्र भेटलं. नत्थुजीनं मी एकटी दिसल्यावर देल्लं. म्हने, मास्तरीनबाईनं सांगतलं, कोनाले दाखवू नोका. मले वाटलं काय बाप्पा झालं! अन् उघडून पाह्यलं तं तुमी मलेच रागावून राहिल्या.

ताई, तुमी तिकडं एकट्या बसून नकाशे काढता, तुमाले काय ठाऊक इथं काय चाललं. ह्या घरात सगळे इटलीचे जानकार झाले. गीतांजली म्हनते, आई, ग्रुप टूरनं जा, सकाळी पोहे भेटते, रात्री खिचडी भेटते. मनोज म्हनते, रेल्वेतच बसाचं हाय तं अकोल्याहून नागपूरले जाऊन ये ना, इटली काहून पाह्यजे? अन् काल व्याह्याइचा फोन. भगवंतराव सांगत होते का तिकडं खिसेकापू लय हाय, दोन बायाच पाह्यल्या का मागं लागते. ते स्वतः कधी अकोटच्या पुढं एकटे गेले नाई, पन सांगून राहिले. मी काय बोलू? मी सैपाक करून राहिली होती. बोलाले लागली असती तं पोळी जळाली असती.

तुमी चिंता नोका करू. हे पह्यले नाईच म्हनत होते. 'दोघी बाया एकल्या कुठं भटकनार?' पन मी यायले पटवलं. कसं पटवलं ते इचारू नोका. नवऱ्याले कोनती गोठ कशी सांगाची, ते बायकोले समजते. आता त्याइचं काही म्हननं नाई.

बाकी गावं कोनचे पाहाचे, ते तुमाले जसं वाटंन तसं. मले काय समजते इटलीतलं.

एक इचाराचं होतं. तुमी दिवाळीत म्हनलं होतं का सिसिलीले जातानी रेल्वेगाडी बोटीत चढते. मानसं नाई, आख्खी गाडी. ते खरं हाय का? मनोजले इचारलं तं तो हसला. मी आपलं सहजच इचारून राहिली.

सोबत वावरातलं वांगं अन् हिरव्या संभाराची जुडी पाठवली. वांगं भाजूनच करा.

वच्छला


राजापेठ, अमरावती
१७ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

वांग्याचं भरीत केलं. छान झालं. पण 'तुमाले जसं वाटंन तसं' हे भरताबरोबर घशाखाली उतरलं नाही.

गाडी बोटीत चढते, अगदी खरं आहे. मनोजला हसू द्या. इटलीचा बूट जिथे संपतो तिथे मध्ये समुद्राची चिंचोळी पट्टी आहे, पलीकडे सिसिलीचं मेसिना. काठावर गाडीचे डबे वेगळे करतात आणि रुळांवरून बोटीच्या पोटात ढकलतात. बोटीतही रूळ असतात. पलीकडे गेल्यावर डबे पुन्हा जोडायचे आणि गाडी पुढे. मी हे वर्गात दरवर्षी सांगायचे. फळ्यावर बूट काढायचा, त्याच्या टोकाशी सिसिलीचा दगड काढायचा आणि मध्ये बोट.

तुम्ही 'सहज' विचारलंत म्हणून मीही सहजच सांगितलं.

आता माझं ऐका. मागच्या वर्षी आपण नागपूरला लग्नाला गेलो, आठवतं? तुम्ही अकोल्याहून बसलात, मी बडनेऱ्याला चढले. तुम्ही उठून म्हणालात, 'ताई, तुमी खिडकीत बसा.' मी म्हटलं, 'छे, तुम्ही बसा.' तुम्ही म्हणालात, 'मले काय, मले हवा सोसत नाई.' मी म्हटलं, 'मला काय, मी नेहमीच बसते.' आपण दोघी उभ्या, आणि तेवढ्यात तो धामणगावचा जाडा माणूस मधून शिरला आणि खिडकीत बसला. नागपूरपर्यंत आपण त्याच्या पाठीकडे बघत गेलो. तो सबंध वेळ झोपला होता, वहिनी! खिडकीत बसून झोपला होता!

मला इटलीत तसं करायचं नाही. तुम्हाला सिसिली हवी असेल तर हवी म्हणा. नको असेल तर नको म्हणा. मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण निदान कशावर रागावले ते कळेल.

दादाचं म्हणाल तर मीही त्याला फोन केला होता. तो शेतावर एकटा होता ते बघून केला. त्याला पटेल असं कारण सांगितलं आणि त्याने लगेच ऐकलं. कारण काय ते तुम्ही विचारू नका, मीही तुमचं विचारलेलं नाही. दोन्हीकडून दादा पक्का झाला, आता अडचण उरली फक्त तुमची.

वर्षाली रेल्वेची तिकिटं काढायला थांबली आहे. लवकर कळवा.

दामिनी


डाबकी रोड, अकोला
४ मार्च

दामिनीताईले नमस्कार.

लिहाले उशीर झाला. हात उचलून नाई राहिला होता.

आपली रेल्वे गेली, ताई. परवा संध्याकाळी मनोजनं फोन दाखवला. म्हने, आई, तुह्यं अन् आत्याचं वापसीचं तिकीट बाबाच्याच विमानात करून टाकलं. वाढदिवस झाला का सगळे संगंच घरी. मी पाहतच राहिली. हे बाजूले बसून हसून राहिले होते, जसं काही मले पैठनी आनून देल्ली. म्हने, 'पाह्य वच्छला, कसं सोडवलं तुले!'

मी म्हनलं, सोडवलं म्हंजे? तं म्हने, 'दामिनीले काही हौस नाई. तिनंच मले सांगतलं.'

मंग त्याइनं सगळं सांगतलं, तुमी फोनवर काय बोलल्या ते. का 'दादा, तू वहिनीला जन्मात कुठे नेलं नाहीस. कधी घराच्या बाहेर नाही, शेताच्या बाहेर नाही. म्हणून मी नेते. मला काय, मी खूप फिरले, मला इटलीचं काही अप्रूप नाही. पण त्या बिचारीचं वाईट वाटतं.'

बिचारी!

ताई, मी तुमच्यासंग गच्चीवर बसून खारोड्या वाळू घालत होती तवा तुमी मले मैत्रीन म्हनल्या होत्या. अन् मांगून मले बिचारी करून टाकलं? मी काय बुढ्या सासूसारखी हाय का, का हात धरून कुठंतरी फिरवून आनाव अन् पुन्य घ्याव? तुमाले अप्रूप नाई, तं ते नकाशे कोनासाठी काढून राहिल्या होत्या? माह्यावर उपकार म्हनून? मले उपकाराची इटली नाई पाह्यजे. त्यापेक्षा हे बरं, सगळ्याइसंग जाव, नातीले घ्याव अन् वापस याव.

तुमचे नकाशे तुमीच ठेवा.

वच्छला


राजापेठ, अमरावती
६ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा मी स्वतःवर चिडले. हो, मी तसं बोलले. 'बिचारी' हा शब्दसुद्धा माझाच. दादासमोर 'मला जायचंय' म्हटलं असतं तर तो काय म्हणाला असता ते मला पाठ आहे. 'या वयात तुले काय सुचते दामिनी, अन् वच्छलाले काहून ओढून राहिली?' म्हणून तुमचं नाव पुढे केलं. तुमची माफी मागायला मी कागद काढला होता.

पण त्याआधी दादाला फोन लावला. म्हटलं, तिकिटं पूर्ववत कर. वहिनीला जायचं आहे. तर तो हसायला लागला! म्हणाला, 'अवो, तिले कुठं जाचं हाय? तीच तं मले म्हनली.' आणि मग त्याने मलाही सगळं सांगितलं, तुम्ही त्याला कसं 'पटवलं' ते.

'दामिनीताई एकटी बाई हाय. ना नवरा, ना लेकरू. तिले संग कोन हाय? तिचं मन मोडवत नाई म्हनून मी चालली. मले काय, मले घरीच बरं वाटते.'

काहून वहिनी? काहून?

सगळं गाव मला एकटी म्हणतं, शेजारीण म्हणते, दूधवाला म्हणतो. मला त्याचं काही वाटत नाही. लग्न केलं नाही ते माझ्या मर्जीने केलं नाही. पण तुम्ही कधी म्हणाला नव्हतात. अख्ख्या जगात एक तुम्ही होतात ज्यांच्यासमोर मी एकटी बाई नव्हते, नुसती दामिनी होते.

आणि दादाचं तरी काय चुकलं? त्याने बरोबर हिशेब लावला. ही म्हणते तिच्यासाठी, ती म्हणते हिच्यासाठी. म्हणजे दोघींनाही नको आहे आणि दोघी एकमेकींच्या भिडेत मरून राहिल्या. भला माणूस आहे, त्याने दोघींना मोकळं केलं. फोनवर मला म्हणाला, 'मीच समजदार निघालो.' खोटं त्याने नाही केलं, आपण केलं.

पत्र लांबवत नाही. वाढदिवसाला येईन. वर्षालीने बोलावलं आहे, येणं भाग आहे.

दामिनी


राजापेठ, अमरावती
२२ मार्च

वहिनी, नमस्कार.

होळीला नत्थुजी पुरणपोळ्यांचा डबा देऊन गेला. डबा होता, पत्र नव्हतं. मी पोळ्या खाल्ल्या, डबा घासला आणि रिकामा परत पाठवला. तुमच्या घरचा डबा या घरातून कधी रिकामा गेला नव्हता. चिमूटभर साखर तरी असायचीच. तरी मी झाकण तसंच लावलं. तुम्ही डबा उघडून काय म्हणाला असाल, ते मी दहा वेळा मनात म्हणून पाहिलं आहे.

तेव्हापासून चैन नाही. इतकी चिडचिड होते आहे की काल भाजीवालीशी मेथीवरून भांडले. ती तुमच्याच शेतातली मेथी होती.

मग आज बसले आणि स्वतःला विचारलं, बाई, तुला नक्की राग कशाचा आला आहे? तुम्ही एकटी म्हणालात त्याचा आलाच. पण त्याहून जास्त याचा, की आता ती गाडी बोटीत चढताना मी बघणार नाही.

मला जायचं होतं, वहिनी. तुमच्यासाठी नाही, तुमचं वाईट वाटतं म्हणून नाही. मला. पस्तीस वर्षं मी मुलींना फळ्यावर काढून दाखवत आले आणि दरवर्षी एखादी मुलगी विचारायचीच, 'बाई, तुम्ही पाहिलं का?' मी म्हणायचे, 'पुस्तकात दिलं आहे ना.' नोकरीत असताना आईचं दुखणं होतं, मग घराचं काम, मग आणखी काही. आता काहीच नाही, पाय धड आहेत, आणि मी फोनवर 'मला काही अप्रूप नाही' म्हणते! कोणी मारलं होतं मला? हे एवढं साधं वाक्य माझ्याने सख्ख्या भावासमोर बोलवलं नाही, आणि मी तुम्हाला विचारत होते की तुमचं मत का सांगत नाही.

एकटी जाऊ शकते का? जाऊ शकते. तिकीटही बदलून घेईन. पण मला तुमच्याबरोबर जायचं आहे. तुम्ही एकट्या पडाल म्हणून नाही, मी एकटी आहे म्हणूनही नाही. तुम्ही बरोबर असलात की मला मजा येते म्हणून.

हे मी दादालाही सांगितलं, आज सकाळी. तो म्हणाला, 'वच्छलाचं काय ते वच्छलाले इचार.'

म्हणून विचारते. तुम्हाला यायचं आहे का? 'तुमाले जसं वाटंन तसं' आलं तर मी पत्र फाडून टाकीन.

डबा नाही, पण पिशवीत तीळगूळ ठेवला आहे. संक्रांतीचा उरलेला आहे, जरा कडक झाला असेल.

दामिनी


डाबकी रोड, अकोला
३१ मार्च

दामिनीताईले नमस्कार.

तीळगूळ दगड झाला होता. तरी खाल्ला.

रिकामा डबा पाह्यला तवा मी लय रडली. मंग राग आला. मंग पुन्हा रडली. त्याच्यात होळीची राख घरभर अन् पाडव्याच्या फुलांची घाई. त्याच्यामुळं लिहाले जमलं नाई, अन् खरं सांगाचं तं लिहाले काही नव्हतं. तुमी इचारलं होतं ते मले पह्यले घरात बोलाचं होतं. घरात न बोलता तुमाले लिहून टाकनं म्हंजे पुन्हा तेच झालं असतं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ओसरीत झेंडूचा ढीग पडला होता. सगळे हार ओवून राहिले होते. हे, मनोज, गीतांजली, नत्थुजीसुद्धा. हे म्हने, 'वच्छला, व्याह्याइच्या लोनच्याच्या रिकाम्या बरन्या वापसीत तुह्या बॅगीत टाकजो. एकाच विमानात हावो आपन.'

मी सुई खाली ठेवली. म्हनलं, 'मी त्या विमानात नाई.'

हे म्हने, 'दामिनीची हौस हाय, ते समजलं मले. तिनं फोन केला होता. पन तू तिच्यासाठी कायले...'

म्हनलं, 'दामिनीताईची हौस दामिनीताईनं सांगतली. मी माही सांगून राहिली. मले जाचं हाय.'

ताई, एवढे तीन शब्द. सगळ्याइचे हात थांबले. मनोज म्हने, 'आई, तूच तं म्हनली होती का तुले घरीच बरं वाटते.' म्हनलं, 'खोटं म्हनली होती.' गीतांजलीनं खाली मान घातली, पन मले दिसलं, ती हसून राहिली होती. हे म्हने, 'मंग पह्यलेच काहून नाई सांगतलं?' म्हनलं, 'तुमी कधी इचारलं का? अन् सांगतलं असतं तं तुमी म्हनले असते, तुले काय कराव लागते तिकडं जाऊन.' त्याइनं पुढचं फूल उचलून सुईत ओवलं. त्याइले समजलं का ते तसंच म्हनले असते.

पन खरं कठीन ते मांगून आलं. जेवाले बसलो तं हे म्हने, 'ठीक हाय, मंग मी बी येतो. तिघं जाऊ.' अन् मोठ्या मनानं म्हने, दात काढून! 'चला' म्हननं लय सोपं होतं, ताई. तोंडात आलं होतं. पन म्हनलं तं झालं, मंग इटलीत बी मी यायचा चष्मा शोधीन, यायच्या गोळ्या काढीन, यायले भाकर नाई म्हनून भाकरीसारखं काहीतरी शोधत फिरीन. म्हनून मी नाई म्हनलं. 'तुमी नोका येऊ. मले दामिनीताईसंगच जाचं हाय.'

त्याइनं दुसरी भाकर घेतली नाई. हात धुतला अन् उठले. बेचाळीस वर्सात मी त्याइले असं कधी बोलली नव्हती. वाईट वाटलं मले, अजून वाटून राहिलं. पाडव्याच्या दिवशी वावरातून आले अन् चप्पल काढता काढता मनोजले म्हने, 'तुह्या मायचं अन् आत्याचं तिकीट पह्यल्यासारखं करून टाक.' बस. माह्यासंग अजून बोलून नाई राहिले. चहा देल्ला का घेते, कप ठेवून देते.

आता तुमी इचारलं तं सांगते. मले काहून जाचं हाय. मी गाडीत बसली ती कोनाच्या तरी लग्नाले, कोनाच्या तरी मयतीले, नाईतं बाळंतपनाले. मांडीवर कोनाचं तरी लेकरू, पायापाशी डबे. उतरलं का टेशनावर कोनीतरी घ्याले येऊन ठेवलेलं रायते, अन् 'चला लवकर, सगळे थांबले' म्हनते. नागपूर असो का बडनेरा, मी गाव असं पाह्यलंच नाई. तिथली रांधनी पाह्यली. मले एकदा अशा टेशनावर उतराचं हाय, जिथं आपल्याले घ्याले कोनीच येनार नाई. अन् आपन दोघी बॅगा घेऊन उभ्या राहू अन् ठरवू, डाव्या हाताले जाचं का उजव्या.

अन् ती गाडी बोटीत चढतानी बी पाहाची हाय. मी सहज नव्हतं इचारलं. दिवाळीपासून डोक्शात तेच हाय.

तुमाले एकटी म्हनली, ते चुकलंच माह्यं. पुन्हा तोंडात येनार नाई.

वच्छला


राजापेठ, अमरावती
८ एप्रिल

वहिनी, नमस्कार.

पत्र वाचून मी शेजारणीकडे गेले आणि कारण नसताना तिला चहाला बोलावलं. तुम्ही सगळ्यांसमोर 'मी माही सांगून राहिली' म्हणालात! दादाची काळजी करू नका. मला काल फोन केला होता त्याने. आधी अर्धा तास कांद्याच्या रोपांबद्दल बोलला, मग म्हणाला, 'ते बोटीत किती डबे बसते वं?' रुसलेला माणूस असलं काही विचारत नाही.

वर्षालीने गाड्या पक्क्या केल्या. व्हेनिसला दोन रात्री, फ्लोरेन्सला तीन. रोमहून सिसिलीची गाडी दिवसाची घेतली, म्हणजे समुद्र उजेडात दिसेल. बाकी गाड्यांत जागा आपापल्या मिळतील, पण या गाडीत जागा आधी धरावी लागते. आपल्याला शेजारी शेजारी दोन मिळाल्या. एक खिडकीची, एक आतली.

खिडकीची तुमच्या नावाने करायला सांगते. मला काय, मी आतल्या जागेवर मजेत बसेन. उठताबसताही सोपं पडतं.

तिखट, दाण्याची चटणी आणि थोडी खारोडी आणा. बाकी काही नको.

दामिनी


डाबकी रोड, अकोला
११ एप्रिल

दामिनीताई,

'मला काय'? पुन्हा 'मला काय'? पस्तीस वर्सं फळ्यावर बोट काढली अन् आता समुद्र आला तं तुमाले आतली जागा मजेची वाटून राहिली? त्या धामनगाववाल्याले सिसिलीले बी बलावता का? मले लय राग आला वाचून. नत्थुजीले गाडी थांबवाले लावून हे लिहून राहिली.

हे आता बोलून राहिले. काल चहा घेताना म्हने, दोघीतून खिडकीत कोन बसनार? अन् स्वतःच म्हने, 'पाह्यजो, दोघी बी उभ्याच रायसान.' मी म्हनलं, नाई राहनार.

तवा आता नीट वाचा. खिडकी मले पाह्यजे. रोमपासून मीच बसनार, माह्या नावानं करा, मी तुमाले 'तुमी बसा' म्हननार नाई. बोटीत गाडी चढाच्या टायमाले तुमाले पाह्यजे असंन तं तोंडानं मांगा. मांगल्याबिगर मी उठनार नाई.

वच्छला